औद्योगिक राउटरचा अँटेना: कर्जत-खालापूरच्या खोऱ्यांतील एक वाद

कारखान्यातील पीएलसी (यंत्रे चालवणारा नियंत्रक), पंपगृहातील मीटर किंवा टाकीवरील पातळीमापक यांना नियंत्रण कक्षाशी जोडण्याचे काम औद्योगिक राउटर करतो. तार ओढणे जिथे महाग किंवा अशक्य असते तिथे ही जोडणी बिनतारी असते. अशा जोडणीचा भरवसा राउटरच्या किमतीपेक्षा त्याच्या अँटेनावर अधिक अवलंबून असतो. अँटेना कोणता, तो कुठे आणि किती उंच बसवला, राउटरपर्यंत कोणती केबल आणली, या चार गोष्टींवर बहुतेक सारे ठरते.

रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर हे तालुके या कामासाठी अवघड आहेत. पूर्वेला सह्याद्रीचा मुख्य कडा, पश्चिमेला माथेरानचे पठार व प्रबळगड-इर्शाळगडाचे डोंगर आणि मध्ये उल्हास व पाताळगंगा यांची खोरी अशी येथील रचना आहे. उद्योग या खोऱ्यांतच वाढले. टाटांचे खोपोली जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये आणि भिवपुरीचे १९२२ मध्ये सुरू झाले. घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी खोपोलीत पाताळगंगेला आणि भिवपुरीत उल्हास नदीला मिळते. पुढे या नद्यांच्या आधाराने कारखाने आणि पाणीपुरवठा योजना उभ्या राहिल्या. खोपोलीचे पोलाद उद्योग, रसायनी-पाताळगंगा औद्योगिक क्षेत्र आणि नवी मुंबईला पाणी देणारे मोरबे धरण याच परिसरात आहेत. अशा ठिकाणची पंपगृहे, झडपा आणि टाक्या दूरदूर विखुरलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये अनेकदा डोंगराची सोंड येते.

येथे अँटेना कसा निवडावा याविषयी दोन मते ऐकू येतात. एक मत आराखडा करणाऱ्या अभियंत्याचे: हिशोब नीट मांडला, गेन भरपूर ठेवला आणि उंची मिळवली की जोडणी होते. दुसरे मत शिडीवर चढणाऱ्या जुन्या तंत्रज्ञाचे: जागा आणि पावसाळा बघितल्याशिवाय हिशोबाला अर्थ नाही. दोन्ही मते येथे संवादरूपाने, कामाच्या क्रमाने मांडली आहेत.

वारंवारतेचा पट्टा

अभियंता: काका, सुरुवात पट्ट्यापासून करावी लागते. ४जीसाठी आपल्याकडे ८५०, ९००, १८००, २१००, २३०० आणि २५०० मेगाहर्ट्झचे पट्टे आहेत. ५जीसाठी मुख्यतः ७०० आणि ३३०० च्या पुढचा. हे सगळे पट्टे झाकणारा एकच अँटेना घेतला की प्रश्न मिटला.

तंत्रज्ञ: सगळे झाकणारा घ्या साहेब, पण त्या जागेवर कोणता पट्टा येतो ते आधी बघा. डोंगराच्या सोंडेआड ८५० किंवा ९०० तेवढा पोचतो. माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात छापलेला गेन मात्र वरच्या पट्ट्याचा असतो. खालच्या पट्ट्याला तोच अँटेना त्याच्या निम्माही देत नाही.

तंत्रज्ञाचा मुद्दा पदार्थविज्ञानाला धरून आहे. कमी वारंवारतेची लहर अडथळ्याच्या कडेवरून अधिक वळते आणि झाडीतून कमी क्षीण होऊन जाते. म्हणून माहितीपत्रकात सर्वाधिक गेनचा आकडा पाहून भागत नाही. प्रत्यक्ष वापरात येणाऱ्या पट्ट्याचा आकडा शोधावा लागतो.

मोबाइल कंपनीवर विसंबायचे नसेल तर स्वतःचे रेडिओ जाळे उभारता येते. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झमधील ठरावीक पट्टे अटींसह परवानामुक्त आहेत. ८६५ चा पट्टा अरुंद आहे. टाकीची पातळी, दाब, झडपेची स्थिती एवढी माहिती त्यातून सहज जाते, कॅमेऱ्याचे चित्र जात नाही. परदेशातून आणलेल्या काही संचांत ९१५ मेगाहर्ट्झचे रेडिओ आणि अँटेना असतात. तो पट्टा भारतात या कामासाठी मोकळा नाही, त्यामुळे असा संच येथे बसवता येत नाही.

गेन आणि दिशा

अँटेना स्वतः ऊर्जा निर्माण करत नाही. मिळालेली ऊर्जा तो काही दिशांना जास्त आणि काही दिशांना कमी वाटतो. या वाटणीचे माप म्हणजे गेन, आणि ते डीबीआयमध्ये सांगतात. ३ डेसिबल वाढले की त्या दिशेची शक्ती दुप्पट होते. मोकळ्या जागेत ६ डेसिबल वाढले की अंतर दुप्पट गाठता येते. भाकरी थापताना पीठ तेवढेच राहते आणि ती पातळ होत रुंद होते. सर्वदिशी, म्हणजे ओम्नी, अँटेनाचा गेन वाढतो तोही असाच: आडवा पसारा लांबतो आणि उभा पसारा चपटा होतो.

अभियंता: म्हणूनच मध्यवर्ती केंद्रावर ९ डीबीआयचा ओम्नी घ्यावा. चारी बाजूंची पंपगृहे एका अँटेनात येतात.

तंत्रज्ञ: पंपगृहे सपाटीवर असतील तर येतात. खोपोलीत पायथ्याला उभे राहून घाटमाथ्याकडे बघा, मान किती वर करावी लागते? तुमचा ९ डीबीआयवाला समोरच्या सपाटीवर बघतो, त्याला माथा दिसतच नाही.

हा आक्षेप आकड्यांनी तपासता येतो. खोपोली केंद्राला मिळणाऱ्या पाण्याचा उतार सुमारे ५०० मीटरचा आहे. आडवे अंतर अडीच किलोमीटर धरले तर पायथ्यापासून माथ्याकडे पाहण्याचा कोन सुमारे ११ अंश येतो. २.४ गिगाहर्ट्झच्या ९ डीबीआय ओम्नीचा उभा पसारा साधारण १४ अंश असतो, म्हणजे क्षितिजाच्या वर जेमतेम ७ अंश. माथ्यावरील अँटेना त्या पसाऱ्याबाहेर राहतो. साध्या अर्धलहरी डायपोलचा गेन फक्त २.१५ डीबीआय असतो, पण त्याचा उभा पसारा ७८ अंशांचा असतो. कमी अंतरावर तो या ठिकाणी सरस ठरू शकतो. मोठ्या अंतरासाठी वरच्या दिशेने रोखलेला सपाट पॅनेल किंवा काड्यांचा यागी अँटेना हाच योग्य पर्याय आहे.

यातून एक व्यवहार्य नियम निघतो. एका केंद्राशी अनेक ठिकाणे जोडायची असतील तर केंद्रावर मध्यम गेनचा ओम्नी किंवा सेक्टर अँटेना आणि प्रत्येक टोकाला केंद्राकडे रोखलेला यागी ठेवावा. दोनच ठिकाणे जोडायची असतील तर दोन्हीकडे दिशादर्शी अँटेना लावावेत. पोलाद कारखान्याच्या लांबलचक शेडमध्ये फिरत्या क्रेनवर राउटर असेल तर शेडच्या टोकाच्या भिंतीवर क्रेनच्या रुळांच्या दिशेने रोखलेला पॅनेल चांगला चालतो. छताच्या मधोमध टांगलेल्या ओम्नीच्या लहरी पत्र्यांवर आणि तुळयांवर आपटून परततात आणि एकमेकींत गोंधळ करतात.

उंची

अभियंता: एक गोष्ट तरी निर्विवाद आहे, काका. जितके उंच तितके चांगले.

तंत्रज्ञ: स्वतःच्या रेडिओला हो. मोबाइलच्या राउटरला दर वेळी नाही. पठाराच्या कडेला उंच ओम्नी लावला की त्याला पनवेलचा टॉवर ऐकू येतो, बदलापूरचा येतो, घाटावरचाही येतो. सिग्नलच्या दांड्या भरलेल्या दिसतात, पण डेटा काही सरकत नाही.

मोबाइल जोडणीत एका आकड्यावर निर्णय घेता येत नाही. आरएसआरपी हा टॉवरच्या संकेताची ताकद सांगतो. तो उणे ९० डीबीएमच्या वर असेल तर चांगला आणि उणे ११० च्या खाली गेला तर भरवशाचा नाही. एसआयएनआर हा आकडा उपयुक्त संकेत आणि गोंगाट-व्यत्यय यांचे प्रमाण सांगतो. तो २० डेसिबलच्या वर असेल तर उत्तम, शून्याखाली गेला तर जोडणी नावापुरतीच उरते. उंचीवर आरएसआरपी सुधारतो, पण अनेक टॉवर एकाच वेळी ऐकू येऊ लागले की एसआयएनआर ढासळतो. अशा जागी थोडा खाली, इमारतीच्या आडोशाने नको ते टॉवर झाकून एकाच टॉवरकडे रोखलेला अँटेना जास्त वेग देतो.

स्वतःच्या रेडिओ जोडणीत उंचीचा हिशोब वेगळा असतो. दोन अँटेना एकमेकांना दिसणे पुरेसे नसते. त्यांच्यामधील सरळ रेषेभोवतीचा लंबगोल पट्टाही मोकळा लागतो. त्याला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. २.४ गिगाहर्ट्झच्या ३ किलोमीटर जोडणीत मध्यावर या क्षेत्राची त्रिज्या सुमारे ९.७ मीटर येते. त्यातील किमान ६० टक्के, म्हणजे जवळपास ६ मीटर भाग अडथळ्यांविना हवा. ८६५ मेगाहर्ट्झला त्याच अंतरावर त्रिज्या १६ मीटरपर्यंत जाते.

तंत्रज्ञ: आणि साहेब, हे ६ मीटर मार्चमध्ये मोजू नका. तेव्हा साग बोडका असतो, पलीकडची टाकी स्पष्ट दिसते. जूनमध्ये पान सुपाएवढे होते आणि टाकी गायब होते.

अभियंता: नकाशावरच्या उंचीच्या माहितीत झाडे धरलेली नसतात, हे खरे. तिथे झाडांची उंची वेगळी मिळवावी लागेल.

कर्जत-खालापूरच्या पानझडी जंगलात साग मुबलक आहे. उन्हाळ्यात तो निष्पर्ण असतो आणि पावसाच्या सुरुवातीला त्याला मोठी पाने फुटतात. पाण्याने भिजलेली ही पाने २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या लहरी जोरात शोषतात. उन्हाळ्यात चाचणी करून मान्य केलेली जोडणी आषाढात तुटते, त्यामागे बहुधा हेच कारण असते. उलट पावसाच्या थेंबांचा दोष अनेकदा वाजवीपेक्षा जास्त धरला जातो. तासाला १०० मिलिमीटरच्या पावसातही ५.८ गिगाहर्ट्झवर होणारी घट किलोमीटरमागे एका डेसिबलहून कमी असते.

केबल आणि जोड

अभियंता: उंची वाढवली की केबल लांबते, एवढाच तोटा. तो गेनने भरून काढू.

तंत्रज्ञ: किती भरून काढणार? बारीक केबल दहा मीटर ओढली की तुमचा अर्धा अँटेना केबलनेच खाल्ला.

येथे तंत्रज्ञाने तोटा कमीच सांगितला आहे. आरजी-५८ ही बारीक केबल २.४ गिगाहर्ट्झवर मीटरमागे सुमारे १ डेसिबल गमावते. एलएमआर-४०० ही जाड केबल मीटरमागे सुमारे ०.२२ डेसिबल गमावते. ३ किलोमीटरच्या जोडणीत मोकळ्या जागेतील घट सुमारे ११० डेसिबल असते. २० डीबीएम, म्हणजे १०० मिलिवॅट शक्तीचा रेडिओ, दोन्हीकडे १४ डीबीआयचे अँटेना आणि प्रत्येक बाजूला १ डेसिबलचा केबलतोटा धरला तर पलीकडे सुमारे उणे ६४ डीबीएम पोचतात. हीच जोडणी दोन्हीकडे दहा मीटर आरजी-५८ ने केली तर उणे ८२ उरतात. हा १८ डेसिबलचा फरक म्हणजे शक्तीत साठपटीहून अधिक घट. प्रत्यक्ष कामात पावसाळा, झाडी आणि जुने होणारे जोड यांच्यासाठी १५ ते २० डेसिबल राखीव ठेवायचे असतात. ती सगळी राखीव येथे केबलमध्येच संपते.

उपाय सरळ आहे. राउटर किंवा रेडिओ हवामानरोधक पेटीत घालून खांबावर अँटेनाजवळ न्यावा आणि खाली इथरनेट केबल आणावी. तिच्यातूनच वीजही देता येते. इथरनेट केबल १०० मीटरपर्यंत चालते. कडक उन्हात पेटी तापते, म्हणून ती सावलीच्या बाजूला असावी आणि राउटर औद्योगिक तापमानश्रेणीचा असावा.

जोडांच्या बाबतीत तीन चुका वारंवार होतात. पहिली, टीव्हीची ७५ ओहमची केबल ५० ओहमच्या रेडिओला जोडणे. दुसरी, एसएमए आणि आरपी-एसएमए यांची गल्लत. दोघांचे आटे एकमेकांत बसतात, पण मधली पिन भेटत नाही आणि अँटेना नुसता अडकवलेला राहतो. मोबाइलच्या बाजूला सहसा एसएमए आणि वायफायच्या बाजूला आरपी-एसएमए असतो. तिसरी, लहान जोड पान्याने आवळून तोडणे. काम झाल्यावर व्हीएसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते याचे माप, मोजावा. तो १.५ असेल तर ४ टक्के शक्ती परत येते, २ असेल तर ११ टक्के. त्याहून जास्त आला तर केबल किंवा जोड तपासावा.

दोन अँटेना, दोन दिशा

४जी राउटरवर मुख्य आणि सहायक अशी किमान दोन अँटेनाद्वारे असतात. ५जी राउटरवर बहुधा चार असतात. प्रत्येक द्वारातून येणारे प्रवाह वेगळे राहावेत, अशी ही योजना आहे. खर्च वाचवण्यासाठी बाहेर एकच अँटेना लावला आणि सहायक द्वार मोकळे सोडले तर वेग आणि स्थैर्य दोन्ही घटतात. दोन सुटे अँटेना लावल्यास त्यांच्यात अंतर ठेवावे. अधिक ४५ आणि उणे ४५ अंशांत बसवलेले दोन घटक एकाच पॅनेलमध्ये असलेला अँटेना खांबावर सोयीचा पडतो. स्वतःच्या रेडिओ जोडणीत एक टोक उभे आणि दुसरे आडवे बसवले तर २० डेसिबलपर्यंत नुकसान होऊ शकते. म्हणून यागीच्या काड्या दोन्हीकडे एकाच ध्रुवणात असाव्यात.

पत्रा आणि वायू

अभियंता: लहान पंपगृहात बाहेरचा अँटेना कशाला? राउटरसोबत आलेले काडीसारखे अँटेना विजेच्या पॅनेलमध्येच चालतील.

तंत्रज्ञ: पॅनेलचे दार उघडे असेपर्यंत चालतात, साहेब. दार लावले की बंद.

विजेचा लोखंडी पॅनेल लहरींना चारी बाजूंनी अडवतो, त्यामुळे अँटेना बाहेर आणावाच लागतो. पॅनेलच्या डोक्यावर बसवायचा छोटा अँटेना बहुधा खालच्या पत्र्याचा आधार गृहीत धरून बनवलेला असतो. तो प्लास्टिकच्या पेटीवर लावला तर त्याचे मापच बिघडते. याउलट डायपोल किंवा यागी पत्र्याला चिकटवून चालत नाही.

रसायनी-पाताळगंगेसारख्या रासायनिक क्षेत्रात आणखी एक विचार येतो. ज्वालाग्राही वायूंच्या जागी रेडिओ लहरींमुळे धातूच्या रचनेत ठिणगी पडू शकते. आयईसी ६००७९-० या मानकानुसार हायड्रोजनचा समावेश असलेल्या आयआयसी गटासाठी २ वॅट, आयआयबी गटासाठी ३.५ वॅट आणि आयआयए गटासाठी ६ वॅट अशी रेडिओ शक्तीची मर्यादा आहे. जास्त गेनचा अँटेना लावताना ही मर्यादा पुन्हा तपासावी लागते. शक्य असेल तिथे अँटेना धोकादायक क्षेत्राबाहेर ठेवणे सर्वांत सुरक्षित. स्फोटक वातावरणातील उपकरणांच्या मान्यतेचे काम पेसो ही केंद्रीय संस्था पाहते. तिचे मुख्यालय नागपूरला आहे.

कायदा

तंत्रज्ञ: शक्ती वाढवून बघतात लोक. एक वॅटचा रेडिओ, वर १४ डीबीआय.

अभियंता: ते बेकायदा आहे. २.४ गिगाहर्ट्झला अँटेनातून निघणारी परिणामी शक्ती ४ वॅट, म्हणजे ३६ डीबीएमच्या आत हवी. एक वॅट म्हणजे ३० डीबीएम, त्यावर फक्त ६ डीबीआय चालतो. १४ लावला तर २५ वॅट होतात.

येथे अभियंत्याचा हिशोब निर्णायक आहे. मर्यादा पाळून पल्ला वाढवायचा असेल तर रेडिओची शक्ती कमी करून अँटेनाचा गेन वाढवावा. प्रक्षेपणाची मर्यादा तीच राहते आणि ऐकण्याची क्षमता मात्र वाढते. परवानामुक्त पट्ट्यातील उपकरणालाही दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची उपकरण-प्रकार मान्यता लागते. मनोरा कुठे उभारायचा याचाही विचार हवा. ४ फेब्रुवारी २००३ रोजी माथेरान आणि भोवतीचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला आहे. डोंगरावर पुनर्प्रक्षेपक ठेवण्याची कल्पना कागदावर आकर्षक वाटते, पण अशा जागेसाठी आणि वनजमिनीसाठी आधी परवानगी लागते.

पाऊस, वीज आणि माकडे

बसवणुकीतील सर्वांत मोठा शत्रू म्हणजे जोडात शिरणारे पाणी. बाहेरच्या प्रत्येक जोडावर एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी आणि तिच्यावर उन्हाला टिकणारी काळी टेप लावावी. पेटीत शिरण्यापूर्वी केबलला खाली लोंबता वळसा द्यावा, म्हणजे पाणी वळशाच्या तळाशी गळते. ग्लँड पेटीच्या तळाला असावेत. ओम्नी अँटेनाचे निचऱ्याचे छिद्र खालच्या बाजूला आणि मोकळे असावे. क्लॅम्प आणि नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. रासायनिक क्षेत्रातील वाफांत साधे गंजतात.

विजांचा धोका ऐन पावसाळ्यापेक्षा मे-जूनच्या वळिवात आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात जास्त असतो. अँटेना वीजवाहक दांड्याच्या संरक्षण-कोनाच्या आत, त्याच्यापेक्षा खाली असावा. केबल इमारतीत शिरते तिथे वायुनलिकेचा अरेस्टर लावावा आणि त्याचे अर्थिंग इमारतीच्या मुख्य अर्थिंगला जोडावे. वेगळा खड्डा खणून दोन अर्थिंग सुटे ठेवले तर वीज पडताना त्यांच्यातील दाबाचा फरक राउटरमधूनच वाट काढतो. भारतात यासाठी आयएस/आयईसी ६२३०५ आणि आयएस ३०४३ ही मानके लागू आहेत.

अभियंता: आराखड्यात केबल उघडी दाखवली आहे. जीआय पाइपची गरज वाटली नव्हती.

तंत्रज्ञ: माथेरानच्या आणि घाटाच्या बाजूला पाइप घालाच. माकडे केबल ओढतात आणि चावतात, अँटेना वाकवतात. खांबही त्यांच्या वजनाने हलणार नाही असा रोवा, नाहीतर यागीचे तोंड फिरते.

चाचणी आणि नोंद

काम संपल्यावर दोघांचेही मत एका ठिकाणी येते: नोंद नसेल तर पुढच्या बिघाडाचे कारण सापडत नाही. अँटेनाचा प्रकार, उंची, दिशेचे अंश, झुकाव, केबलची जात आणि लांबी, व्हीएसडब्ल्यूआर, आरएसआरपी, एसआयएनआर किंवा रेडिओची ग्रहणपातळी या सर्व गोष्टी पेटीच्या दाराच्या आत चिकटवलेल्या कागदावर आणि कार्यालयातील नोंदवहीत लिहाव्यात. राउटरला दर तासाला हे आकडे साठवायला सांगता येते. पहिल्या पावसानंतर पातळी हळूहळू उतरत असेल तर पाणी जोडात शिरले आहे. जूनअखेर एकदम उतरली आणि तिथेच राहिली तर झाडी आडवी आली आहे. कारण नसताना वरखाली होत असेल तर खांब किंवा क्लॅम्प हलतो आहे.

वादाचा निकाल एका बाजूने लागत नाही. पट्टा, गेन, केबलतोटा आणि कायदेशीर मर्यादा यांसाठी अभियंत्याचा हिशोब लागतो. कोन, झाडी, पाणी आणि माकडे यांसाठी तंत्रज्ञाची नजर लागते. या दोन तालुक्यांत मे महिन्यातील आकड्यांवर कोणतीही जोडणी अंतिम मानू नये. १५ ते २० डेसिबलची राखीव धरून आखणी करावी, ऑगस्टमध्ये पुन्हा मोजावे आणि ते आकडे जुळले तरच ठेकेदाराचे शेवटचे बिल मंजूर करावे.